ओली नखं

पंकजानं नेलपॉलिशची बाटली स्टीलच्या वाटीत उभी केली, वाटी मांडीशी ओढून घेतली आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं उजव्या करंगळीच्या नखाची कड चाचपली. डावा हात रंगवून झाला होता. तो सोपा. खरी परीक्षा उजव्याची, कारण त्यासाठी ब्रश डाव्या हातात धरावा लागतो आणि डावा हात नव्या नवरीसारखा बिचकत वागतो.

तिची एक रीत ठरून गेली होती. आधी नखांभोवतीच्या कातडीवरून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे रंग बाहेर गेला तरी पुसला जातो. नखाला मात्र तेल लागू द्यायचं नाही. ब्रश बाटलीच्या काठावर एका अंगानं निथळायचा, नखाच्या मधोमध टेकवायचा, मुळाकडे किंचित ढकलायचा आणि शेंड्याकडे ओढून घ्यायचा. मधली ओढ झाली की दोन्ही कडांना एकेक. रंग लागला की नख गार पडतं, आणि गारवा कुठवर पोचला त्यावरून रंग कुठवर पोचला हे तिला कळायचं. वाळायला किती वेळ द्यायचा तेही ठरलेलं होतं. सोनई, घोडेगाव, नेवासा फाटा, नेवासा, टाकळीभान, श्रीरामपूर, बेलापूर. माहेरच्या वाटेवरचे थांबे मधल्या सगळ्या खुणा आठवत, सावकाश मनात म्हणायचे आणि बेलापूरहून तसंच परत यायचं. परत सोनईला, सासरच्या दारात पोचेपर्यंत रंग वाळलेला असायचा.

"कशाला गं येवडा आटापिटा?" अंगणातून कडूबाईचा आवाज आला. "रोहिणीला सांगितलं असतं तर लावून दिलं असतं तिनं."

"माझं मला येतंय आत्याबाई."

"येतंय की. न्हाई कोन म्हनतंय? लई छान लागलंय बघ."

पंकजा गालातल्या गालात हसली. सासूचा आवाज पाठमोरा होता आणि सुपात तीळ पाखडण्याचा आवाज क्षणभरही थांबला नव्हता. कडूबाई हे नाव आईबापांनी ठेवलं ते पोर जगावी म्हणून. बाईची जीभ मात्र गुळाची. संक्रांतीला लोक एकमेकांना गोड बोला म्हणून विनवतात. कडूबाईला कुणी विनवायची गरज नव्हती, ती बारा महिने गोडच बोलायची. पंकजाचे डोळे गेल्यापासून तर जरा जास्तच.

डोळे एका दिवसात गेले नव्हते. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दिवेलागणीनंतरचं दिसेना, मग कडेचं दिसेना. नगरच्या डॉक्टरांनी डोळ्याचा पडदा सुकत चालल्याचं सांगितलं आणि यावर औषध नाही हेही त्याच दमात सांगितलं. पुढं जग नळीतून बघितल्यासारखं बारीक बारीक होत गेलं आणि दोन वर्षांपूर्वी तेही मिटलं. मूलबाळ नव्हतं. रंगांपैकी एक 'मरून', गडद काळपट लाल, तेवढा तिला अजून डोळ्यांपुढे लख्ख आणता यायचा. लग्न झालं त्या वर्षी नेवाशाच्या जत्रेत अंगदनं तिला त्या रंगाची बाटली घेऊन दिली होती आणि जत्रेच्या गर्दीत, लोकांदेखत, तिची बोटं हातात धरून रंग कसा दिसतो ते बघितलं होतं. ती बाटली केव्हाच संपली. त्यानंतरच्या सगळ्या बाटल्या तिनं त्याच रंगाच्या मागवल्या.

आंधळेपणानं जेवढं नेलं नाही तेवढं सासूच्या काळजीनं नेलं. भाजशील म्हणून गॅस नेला, कापेल म्हणून विळी नेली, घसरशील म्हणून पाण्याची कळशी नेली. सगळं गोड बोलून. पंकजा सात वर्षांची संसारी बाई, पण दिवसभर पलंगावर पाहुणीसारखी बसून राहायची. नखं तेवढी कुणी नेली नाहीत, कारण त्यांचा कुणाला उपयोग नव्हता. म्हणून ती नखांना धरून बसली होती. स्वतःच्या हातानं, कडेबाहेर न जाता रंगवलेली दहा नखं हा तिचा दाखला होता. ज्या बाईला हे जमतं तिला भाकरी जमेल, कळशी जमेल, घर जमेल. हे तिला अंगदला दाखवायचं होतं, आणि आजच दाखवायचं होतं, कारण चार वाजता तो दुकानाचा टेम्पो घेऊन तिला बेलापूरला सोडायला येणार होता.

"थोडे दिवस जाऊन ये," तो आठ दिवसांपूर्वी म्हणाला होता. "हवापालट हुईल."

"संक्रांतीच्या तोंडावर? घरची सवाष्न बाहेर आन वान कोन देनार?"

"आई बघंल ते."

आई कशी बघणार, हे पंकजानं विचारलं नाही. कडूबाईला विधवा होऊन बारा वर्षं झाली होती. वाण देणं तिच्याकडे नव्हतं. मग पंकजानं भावाला फोन लावला. गोरक्ष म्हणाला, ये की, तुझंच घर आहे. आणि मग आवाज खाली घेऊन त्यानं विचारलं, "ताई, किती दिवस हाय?" थोडे दिवस म्हणजे किती, हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

उजव्या हाताची चार बोटं झाली. पाचव्याला, अंगठ्याला, डावा हात थरथरला.

"रोहिणी," तिनं हाक मारली. "जरा बघ गं."

स्वयंपाकघरातून अनवाणी पावलं आली. पिठाचा वास आला. आज भोगी, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि मिसळीची भाजी.

"बोटं चांगली हायती आक्का. अंगठ्याच्या कडंला भाईर गेलंय. आन मधल्या बोटाला मुळाशी जरा उघडं ऱ्हायलंय."

पंकजानं कातडीवरचा रंग फडक्यानं टिपला आणि मधल्या बोटाला एक ओढ दिली. "आता?"

"आता बराबर."

या घरात तिच्या नखांबद्दल खरं बोलणारी रोहिणी एकटीच होती. बाकीचे न बघताच छान म्हणायचे. रोहिणी वाकून, बोट धरून, उजेडाकडे वळवून बघायची आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणायची. त्या एका गोष्टीसाठी पंकजाला ती पोर आवडायची.

रोहिणी कडूबाईच्या नात्यातली, शेवगावच्या पलीकडची. आईबाप दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला गेले, ते आता पाडव्यालाच परतणार. उपवर पोर टोळीबरोबर फडावर कशी न्यायची, घरी एकटी तरी कशी ठेवायची, म्हणून कडूबाईनं तिला इथं आणली. तुला सोबत होईल, असं म्हणाली. त्या मुलखात दर घरात हीच अडचण असते, त्यामुळे पंकजाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोर कामाला वाघीण होती. कडूबाईला 'मावशी' म्हणायची, पंकजाला 'आक्का'. अंगदला मात्र ती काहीच म्हणायची नाही. त्याच्याविषयी बोलावंच लागलं तर "ते आले", "ते जेवून गेले" एवढंच. नात्यानं दादा लागणाऱ्या माणसाला एवढा मान कशाला, असं एकदा पंकजाच्या मनात आलं होतं. गरिबाची पोर, दुसऱ्याच्या दारात राहते, दबून असते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

समजुती घालण्यात पंकजा हुशार होती. रोहिणी आली त्या आठवड्यात एका सकाळी स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर जोडवी वाजलेली तिनं ऐकली होती. चुलीपासून मागच्या दारापर्यंत, टक टक टक. कडूबाईच्या पायात जोडवी असण्याचा प्रश्न नव्हता, रोहिणीचं लग्न व्हायचं होतं, आणि पंकजा स्वतः पलंगावर बसलेली होती.

"कोन आलं हुतं आत्याबाई?"

"शेजारची गं. विरजन मागायला आली हुती."

पुढं दोन-अडीच महिन्यांत शेजारणीला पुन्हा कधी विरजण लागलं नाही. याचं पंकजाला नवल वाटायला हवं होतं.

आणि परवा रतनबाई आली. दोन घरं सोडून राहणारी, गावभरची खबर पदरात बांधून फिरणारी बाई. उंबऱ्यातूनच म्हणाली, "संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू हाय. दोघीबी या."

"मी तर बेलापूरला चाललेय," पंकजा म्हणाली. "आन रोहिणीचं लगीन व्हायचंय अजून. तिला कसलं वान?"

रतनबाईचं तोंड कधी बंद पडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ते पडलं. "तेबी खरंच," एवढंच म्हणाली आणि चहा न घेता निघून गेली. कडूबाईनं लगेच रतनबाईच्या सुनेच्या बाळंतपणाचा विषय काढला आणि बराच वेळ त्यावर एकटीच बोलत बसली.

आता कडूबाईनं सूप झटकलं. रतनबाईकडून गाजरं, बोरं घेऊन येते म्हणाली, चपला पायात सरकवल्या आणि फाटक लावून गेली. घरात दोघीच उरल्या. पंकजाची पिशवी पलंगाखाली होती, रिकामी. दुपारीच भरून ठेव असं तिला सांगितलेलं होतं. आधी नखं, मग पिशवी, असं तिनं ठरवलं होतं.

"तुला लावू का?" तिनं विचारलं.

"मला?" रोहिणी हसली. "मी कधी लावलंच न्हाई. आन भाकरी थापायच्यात, हाताला कुठं ऱ्हानार ते?"

"पायाला लावते. बस हितं, पाय पुढं कर."

"न्हाई आक्का. तुमी मोठ्या. माझ्या पायाला हात लावला तर मला पाप लागंल."

"नेलपॉलिश लावताना कुनी मोठं नसतं अन् धाकटं नसतं. दुसऱ्याला लावता येतं का ते बघायचंय मला. कर पाय पुढं."

रोहिणीनं आढेवेढे घेतले, पण तेवढ्यापुरतेच. एकोणीस वर्षांची पोर, आणि बाटली समोर होती. ती पलंगाला टेकून फरशीवर बसली. पंकजाही खाली उतरली आणि तिनं पोरीचा उजवा पाय मांडीवर घेतला. तळवा खरखरीत, टाचेला बोट जाईल एवढ्या भेगा. आईबरोबर चार-पाच हंगाम तरी फडात काढलेला तो पाय होता. तिनं पदरानं बोटं पुसली, तेल फिरवलं, अंगठ्याचं रुंद नख चाचपलं आणि ब्रश टेकवला. तीन ओढी. दुसऱ्याचं नख गार पडलेलं आपल्याला कळत नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"गार लागलं का?"

"लागलं."

"मुळापर्यंत?"

"व्हय."

मग शेजारचं बोट. तेल लावायला पंकजानं ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि मुळाशी तिची चिमूट आपोआप आत गेली. तिथं बोटाला खाच होती. सगळीकडून, गोल. खाचेतली कातडी बाकी पायासारखी खरखरीत नव्हती. मऊ होती, गुळगुळीत होती, आणि खालच्या अंगाला एक बारीक घट्टा होता, नवीन वहाण चावली की येतो तसा.

पंकजाची बोटं तिथंच थांबली. तिनं ब्रश बाटलीत ठेवला आणि रोहिणीचा डावा पाय ओढून घेतला. अंगठ्याशेजारचं बोट धरलं. तिथंही तीच खाच, तोच घट्टा. मग तिनं हात स्वतःच्या पायाकडे नेला, आपलं जोडवं बोटानं वर सरकवलं आणि त्याच्याखालची जागा चाचपून बघितली. सात वर्षांची खाच. खोल होती, पण तीच.

"काय झालं आक्का?" रोहिणीनं विचारलं.

पंकजानं मांडीवरचं ते बोट पुन्हा चिमटीत धरलं. विरजण मागायला आलेली शेजारीण तिच्या डोक्यातून चालत गेली. रतनबाईचं 'दोघीबी या' आलं. "ते आले", "ते जेवून गेले" आलं. अंगदनं आपली कॉट वरच्या खोलीत कधी हलवली तेही आठवलं. दिवाळीत, दुकानाच्या मालाला खालची जागा लागते म्हणून. सगळं तिच्यासमोर, तिच्या घरात, तिच्या कानांदेखत चाललेलं होतं, आणि एवढे दिवस ती प्रत्येक आवाजाला एक समजूत घालत बसली होती. तिला लाज वाटली. फसवलं त्यांनी, आणि लाज आपल्याला वाटते, याचा मग तिला राग आला.

"कुठं ठेवलीस?" ती म्हणाली.

"काय?"

"जोडवी."

मांडीवरचा पाय ताठ झाला. चुलीवरच्या भाजीचं झाकण वाफेनं वाजत होतं.

"मिठाच्या बरनीमागं," रोहिणी म्हणाली.

"कवा काढलीस?"

"आल्यावर आठ दिसांनी. आत्याबाई म्हनल्या, वाजत्यात, काढून ठेव. निजताना तेवडी घालते, सकाळी काढते."

कडूबाईला मावशी म्हणायचं असतं, हे ती पोर विसरली होती. कुणाशी लग्न झालं, हे पंकजाला आता विचारावं लागलं नाही. मांडीवरच्या त्या बोटावरची तिची पकड घट्ट होत गेली, इतकी की नख रुतलं असेल. तिला ते बोट मोडावंसं वाटलं. खोटं कशाला सांगा, एक क्षण खरंच वाटलं. रोहिणीनं पाय मागे घेतला नाही. दुखत असणार, पण ती 'हं'सुद्धा म्हणाली नाही. असलं दुखणं सोसायची सवय असलेल्या माणसासारखी ती गप्प बसून राहिली, आणि तिच्या त्या गप्प बसण्यानंच पंकजाची बोटं सैल पडली.

"लगीन कवा लागलं?"

"दिवाळीच्या आदी. आईबाप तोडीला जायचे हुते, त्याच्या आदी उरकलं. देवळात."

"मी हाय म्हून म्हाईत हुतं तुला?"

"हुतं." रोहिणीचा आवाज फाटला. "पर ते म्हनले, तुमी माहेरी जानार हाय. कायमच्या. तुमचं तुमीच म्हनलाय म्हून. मी हितं आले तर तुमी हितंच. मग आत्याबाई म्हनल्या, तिच्या जिवाला लागंल, हळूहळू सांगू, तवर तू गप ऱ्हा."

"कायमच्या."

"संक्रांतीच्या आत जातील म्हनल्या. माझी पयली संक्रांत हाय ना. काळी साडी आनलीय. रतनबाईकडं न्यायचंय म्हनल्या मला."

म्हणजे थोडे दिवस ते एवढे होते. गोरक्षला विचारावंसं वाटलं तेही उगाच नव्हतं. त्याला बहुतेक ठाऊकच होतं. शेजारणींना ठाऊक होतं, दुकानातल्या गिऱ्हाइकांना ठाऊक असणार. रतनबाईच्या हळदीकुंकवाला एका घरातून दोन सवाष्णी आल्या तर बोलणाऱ्यांचं तोंड कुणी धरायचं, म्हणून एकीला आदल्या दिवशी टेम्पोत घालून धाडायचं होतं. तिच्या नखांकडे अंगद बघेल आणि विचार बदलेल, असं तिला तासाभरापूर्वी वाटत होतं. नखं कितीही सरळ रंगवली असती तरी काही फरक पडणार नव्हता. दाखला मागितलाच नव्हता कुणी.

राग होता, तो कुठं गेलेला नव्हता. पण ज्या पायावर तो काढायचा तो पाय अजून तिच्या मांडीवर होता आणि त्याच्या टाचेच्या भेगा तिच्या हाताला लागत होत्या. हिलाही कुणी काही विचारलेलं नव्हतं. फडावर जाताना कोंबड्या शेजाऱ्याकडे सोपवून जातात, तशी सोपवली होती तिला.

"जा, आन," पंकजा म्हणाली.

"काय?"

"जोडवी आन. नवरा जित्ता असताना जोडवी काढत न्हाईत. येवडं तर तुझ्या आईनं सांगितलं असंल."

"सांगितलं हुतं." रोहिणी रडत होती. "रोज भ्या वाटायचं मला. आत्याबाईला म्हनले बी मी."

"रडू नको. आन."

पावलं गेली, बरणी सरकल्याचा आवाज आला, पावलं परत आली. पंकजाच्या तळहातावर दोन जोडवी पडली. हलकी होती, पातळ चांदीची, आणि मिठामुळे जराशी खरखरीत. तिनं ती पदरानं पुसली.

"आदी जोडवी, मग रंग," ती म्हणाली. "रंग लावल्यावर घातलीस तर फिसकटंल."

तिनं उजव्या पायाच्या त्या बोटात जोडवं सरकवलं. ते कुठंही न अडता खाचेत जाऊन बसलं. मग डाव्या पायात. मग तिनं पुन्हा ब्रश उचलला, काठावर निथळला आणि राहिलेली नखं एकामागून एक रंगवली. प्रत्येकाला तीन ओढी. हात थरथरला नाही. मघाशी अंगठ्याला थरथरलेला हात आता का थरथरत नाही, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

"कसं झालंय?"

रोहिणीनं नाक ओढलं आणि वाकून बघितलं. "करंगळीला जरा भाईर गेलंय."

"पूस मग."

"आक्का, आता वाजतील ना."

"वाजू दे."

रोहिणी थोडा वेळ तशीच बसली, पाय पुढे करून. मग भाजी लागल्याचा वास आला तशी ती उठली आणि टाचांवर चालत स्वयंपाकघरात गेली. पंकजानं पलंगावर बसून पुन्हा एकदा आपल्या नखांना हात लावून बघितला. पोरीचा पाय ओढताना उजव्या हाताची तीन नखं बिघडली होती. तिनं ती फडक्यानं साफ पुसली, थिनरचा वास खोलीभर झाला, आणि नव्यानं लावायला घेतली. चार वाजून गेले असावेत. पिशवी पलंगाखाली होती तिथंच होती.

फाटक वाजलं. आधी टेम्पोचं इंजिन बंद झालं, मग कडूबाईच्या चपला आणि तिच्या मागोमाग अंगदचे बूट अंगणात आले. दोघं वाटेत भेटले असणार. कडूबाई अंगणात थांबली आणि तिनं सूप उचललं. अंगद उंबऱ्यापर्यंत आला.

"पिशवी कुठाय?"

"भरली न्हाई."

"का?"

पंकजानं बोटं पसरून दोन्ही हात पुढे केले. "नखं ओली हायती अजून. बघा की, कशी लागलीत."

त्यानं बघितलं की नाही हे तिला कळलं नाही. "पंकू, उगं उशीर करू नको," तो म्हणाला. या नावानं त्यानं तिला वर्षभरात हाक मारली नव्हती. तिनं हात पुढेच ठेवले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या फरशीवर टक झालं. मग पुन्हा टक. चुलीपासून माठापर्यंत, माठात तांब्या बुडल्याचा आवाज, मग माठापासून मधल्या दारापर्यंत, सावकाश, एकही पाऊल न चुकता. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, ते घेऊन कुणीतरी येत होतं.

अंगणातलं सूप थांबलं. अंगदच्या बुटांखाली उंबऱ्याजवळची वाळू जराशी करकरली, तेवढीच.

"कोन हाय गं आत?" कडूबाईनं अंगणातून विचारलं. आवाज नेहमीसारखाच गोड होता, फक्त शेवटाला थोडा वर गेला.

"शेजारची कुनीतरी असंल आत्याबाई," पंकजा म्हणाली. "विरजन मागायला आली असंल."

मग तिनं हात जवळ घेतले आणि नखांवर फुंकर घातली. वाळायला वेळ होता. सोनई, ती मनात म्हणाली. पुढचं गाव तिनं घेतलं नाही.